शेजारची संख्या हवी? एप्सिलॉन मिळवू नका!

जुनाखोड:
काल इथेच एकाने थाटात लिहिलं, 'सी भाषेत डबलची (६४ बिटांत साठवलेल्या अपूर्णांकी संख्येची) लगतची संख्या हवी तर डीबीएल_एप्सिलॉन मिळवा, झालं काम.' खाली 'धन्यवाद सर'ची रांग. राहवलं नाही म्हणून हा धागा. अहो, २.० मध्ये एप्सिलॉन मिळवून बघा तरी! २.० च येतं. एप्सिलॉन हे १ आणि त्याच्या पुढच्या संख्येतलं अंतर, २ चा उणे ५२ वा घात. २ पाशी ते अंतर दुप्पट होतं, तुमची भर बरोबर मध्यावर पडते आणि राउंडिंग तिला परत २ वर आणून सोडतं. उलट ०.००१ मध्ये मिळवलंत तर मधल्या १०२३ संख्या ओलांडून जाता. सी९९ (सी भाषेचं १९९९ चं मानक) पासून मॅथ.एच मध्ये नेक्स्टआफ्टर आहे, दिलेल्या दिशेची लगतची संख्या देणारं फंक्शन. वापरा की.

बिटबहाद्दर:
त्यासाठी फंक्शन कशाला? डबलचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) ६४ बिटी इंटिजरकडे कास्ट करा, म्हणजे तेच बिट इंटिजर म्हणून वाचा, आणि एक वाढवा. वरच्या बिटांत घातांक, खालच्या बिटांत अपूर्णांक, हातचा आपोआप घातांकात जातो. वीस वर्षं हेच करतोय, काही बिघडलं नाही.

जुनाखोड:
ऋण संख्येचे बिट एकाने वाढवले की ती आणखी खाली जाते. अनंताचे वाढवले की नॅन, म्हणजे 'संख्याच नाही'. हे सगळं सांभाळेपर्यंत तुमच्या एका ओळीच्या पंधरा होतात.

बिटबहाद्दर:
मला ऋण लागतच नाहीत.

शंकासुर:
ऋण राहू द्या, तो कास्टच नियमाबाहेर आहे. स्ट्रिक्ट एलियासिंग: एका प्रकारची मेमरी भलत्याच प्रकारच्या पॉइंटरने वाचायची नाही. जीसीसी कंपायलर ओ-टू ला (वेग वाढवणाऱ्या पर्यायाला) ते गृहीत धरूनच चालतो. मेमकॉपीने बिट इंटिजरमध्ये उतरवून घ्या.

बिटबहाद्दर:
आले नियमवाले! प्रोसेसरला कळतं, मला कळतं, फक्त कंपायलर लिहिणाऱ्यांना कळत नाही. बरं, युनियन (एकाच जागेत दोन प्रकार) वापरतो, मग तर झालं?

शंकासुर:
सी मध्ये चालेल. उद्या कुणी तीच फाइल सी++ मध्ये घेतली की संपलं.

बिटबहाद्दर:
उद्याच्या कुणासाठी मी आज का राबू?

शंकासुर:
कारण तो 'कुणी' मी होतो! मागच्या नोकरीत अशीच एक कास्टवाली हेडर फाइल गळ्यात पडली. तपासणीच्या डीबग बिल्डमध्ये ठणठणीत, वेगवान रिलीज बिल्डमध्ये जुनीच किंमत. दोन रात्री गेल्या. लिहिणारा नोकरी सोडून गेलेला, आणि त्याचंही म्हणे वीस वर्षांत काही बिघडलं नव्हतं.

जुनाखोड:
एलियासिंगसाठी वेगळा धागा काढा हो. विषय शेजारच्या संख्येचा आहे.

बिटबहाद्दर:
विषय तुम्हीच वाढवलात. आणि शंकासुर, दोन रात्री लागल्या हा दोष कास्टचा नाही.

शंकासुर:
वैयक्तिक होऊ नका.

नवशिकी:
मध्येच बोलते, माफ करा. मी नेक्स्टआफ्टरच वापरलं होतं, तरी लूप थांबेना. व्हेरिएबल फ्लोट, म्हणजे ३२ बिटी, होतं. आत जाताना डबल झालं, पुढचा डबल मिळाला, आणि परत फ्लोटमध्ये भरताना जिथून निघाले तिथेच. फ्लोटसाठीचं नेक्स्टआफ्टरएफ हवं होतं. अर्धा दिवस गेला, वॉर्निंग एक नाही.

बिटबहाद्दर:
घ्या! माझ्या युनियनमध्ये फ्लोटसोबत ३२ बिटी इंटिजर असतो. हा घोळ होतच नाही.

जुनाखोड:
हे मान्य, नाइलाजाने. टीजीमॅथ.एच (प्रकार पाहून योग्य फंक्शन निवडणारी हेडर) घेतलं तरी दुसरा आर्ग्युमेंट १.० असा डबल दिला की पुन्हा तेच. पण चूक प्रकार निवडण्यात आहे, फंक्शनमध्ये नाही.

शंकासुर:
आणि फास्ट-मॅथ (अचूकतेपेक्षा वेग पाहणारा कंपायलरचा पर्याय) लावून लिंक केलंत तर? शून्याच्या शेजारचा सबनॉर्मल (अतिसूक्ष्म आकडा) पुढच्या गणितात शून्यच धरला जाऊ शकतो. मग बसा शेजारी शोधत.

जुनाखोड:
फास्ट-मॅथ लावणाऱ्याने माझ्या धाग्यावर येऊच नये.

बिटबहाद्दर:
बरं बाबांनो, ऋण संख्या आली तर तुमचं नेक्स्टआफ्टर. 'शून्याहून लहान का' एवढं तपासतो, बाकीचं माझं मी बघतो. खूश?

जुनाखोड:
उणे शून्य (ऋण चिन्हाचा बिट लागलेलं शून्य) शून्याहून लहान नसतं. तुमच्या तपासणीतून ते बिनबोभाट सुटेल, तुम्ही बिट वाढवाल, आणि वर जायचं ते खाली जाईल.

बिटबहाद्दर:
...उद्या बोलतो.