मदत हवी आहे: जळगावातलं नवीन घर आखाजी ते दिवाळी असं टप्प्याटप्प्याने लावायचंय

नमस्कार मंडळी,

जळगावात आमचं रो हाऊस बांधून होत आलंय. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि सासूबाईंची खोली, वर दोन बेडरूम, त्यावर गच्ची आणि मागे छोटंसं अंगण. प्लास्टर झालंय, फरशी बसलीय, भिंती अजून कोऱ्या आहेत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गृहप्रवेश करायचा आहे. कर्जाचा हप्ता सुरू झालाय, त्यामुळे सगळं फर्निचर एकदम करणं जमणार नाही. आणि जमलं असतं तरी केलं नसतं. आधी राहून बघावं, ऊन कुठवर येतं, माणसं आपसूक कुठे टेकतात, मग वस्तू घ्याव्यात असं मला मनापासून वाटतं. म्हणून तीन टप्पे ठरवलेत. आखाजीपर्यंत जे हवंच ते, मग श्रावणात कानबाई (आमच्या खान्देशातली देवी) बसेपर्यंत, आणि उरलेलं दिवाळीपर्यंत. कुठलं काम कुठल्या टप्प्यात घ्यावं, यावर तुमचा सल्ला हवाय.

एक गोष्ट पक्की आहे, जिथे भिंत फोडावी लागते ते सगळं आत्ताच. इलेक्ट्रिशियनला दोन्ही बेडरूममध्ये एसीसाठी १६ अँपिअरचा पॉइंट आणि त्याची वेगळी वायर टाकायला सांगितली आहे. एसी लगेच घेणार नाही, पण नंतर रंगवलेल्या भिंतीवर पट्ट्या नकोत. हॉलला कूलरच. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, पण हवा कोरडी असते, म्हणून पाण्याचा कूलर जसा इथे काम करतो तसा कोकणात करणार नाही. तो खिडकीबाहेर स्टँडवर बसेल. तिथे पॉइंट आणि टाकीचं पाणी थेट येईल असा नळ हवा, नाहीतर उन्हाळाभर बादल्या वाहाव्या लागतात. शिवाय आत आलेली हवा समोरून बाहेर जायला उघडी खिडकी लागते, नाहीतर खोली नुसती दमट होते. आमच्या हॉलला समोरासमोर खिडक्या नाहीत, स्वयंपाकघराच्या दारातून मागच्या अंगणात हवा जाईल असा विचार आहे. असं कुणी केलंय का? गॅसची ज्योत फडफडते का?

गच्चीचं काम मी पहिल्या टप्प्यात घेतलंय. डिझायनरने वरच्या खोल्यांना पीओपीचं फॉल्स सीलिंग सुचवलं, त्याने उष्णता कमी होईल म्हणाले. माझं म्हणणं असं की स्लॅब एकदा तापला की रात्री उशिरापर्यंत खाली उष्णता सोडत राहतो, मग ऊन स्लॅबला लागण्याआधीच का अडवू नये? सीलिंगचे पैसे वाचवून गच्चीवर पांढरं चायना मोझॅक (चिनी मातीच्या फरशीचे तुकडे बसवून केलेला थर) करावं असं ठरत आलंय. पाण्याच्या उताराकडे नीट लक्ष दिलं तर पावसाळ्यातही तेच उपयोगी पडेल. ज्यांच्या गच्चीवर ते आहे त्यांनी दोन-तीन उन्हाळ्यांनंतर ते कसं टिकलंय ते जरूर लिहा. वाळवणं, बिबडे, पापड तिथेच घालायचे असतात, त्यामुळे पृष्ठभाग धुता येणारा हवा.

आता माझी खरी अडचण, कोठ्या.

डिझायनरच्या नकाशात एल आकाराचा सोफा आहे, भिंतभर टीव्ही युनिट आहे, स्वयंपाकघरात बाटल्यांसाठी सरकता खण आहे. वर्षाचा गहू आणि दादर (ज्वारी) ठेवायची जागा कुठेच नाही. आमच्याकडे धान्य सुगीत एकदाच भरतात. ऊन दाखवून, एरंडेल चोळून किंवा कडुलिंबाचा पाला घालून पत्र्याच्या कोठ्यांत ते वर्षभर राहतं. सासूबाईंनी नकाशा बघून एवढंच विचारलं, "ह्या कोठ्या कथा (कुठे) ठेवशी?" त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. माळ्यावर एवढं वजन चढवणं-उतरवणं शक्य नाही. बाथरूमच्या भिंतीलगत ओल येते. उरते ती जिन्याखालची जागा. तिथे लोखंडी अँगलचं सहा इंच उंच स्टँड करून कोठ्या ठेवायच्या, म्हणजे खालून झाडता येईल. पण इन्व्हर्टरसाठीही सगळे तीच जागा दाखवतात. चार्जिंग होताना बॅटरीतून वायू निघतो, तिला मोकळी हवा लागते, आणि धान्याशेजारी बॅटरी मला अजिबात नको. इन्व्हर्टर वरच्या पॅसेजमध्ये न्यावा का? उन्हाळ्यात वीज जाते तेव्हा पंखे तरी चालायला हवेत, त्यामुळे तोही टाळता येत नाही. पंखे सगळे बीएलडीसीच घेतोय. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, हा त्याच्या निम्म्याहून कमी, म्हणजे बॅटरीही जास्त वेळ पुरेल.

स्वयंपाकघराचं फर्निचर दुसऱ्या टप्प्यात. तोवर ओटा, सिंक आणि कडप्प्याचे कप्पे पुरतील. सुतार म्हणतो सगळीकडे साधं कमर्शियल प्लाय चालेल. सिंकखाली आणि ओट्याखाली तरी आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय घ्यावं, वरच्या कपाटांना साधं, असं मला वाटतं. एमडीएफ पाण्याजवळ नकोच, फुगतं. बोअरचं पाणी इतकं जड आहे की नळांवर पांढरे थर बसतात, त्यामुळे बाथरूममध्ये काचेचं पार्टिशनही रद्द केलं.

प्लॉट मुळात कपाशीच्या काळ्या जमिनीचा. सुतारकाम सुरू होण्याआधी फरशी आणि भिंतीच्या सांध्यात भोकं पाडून वाळवीचं औषध भरून घ्यायचंय. हे काम पेंटरच्या आधी की नंतर, यावर घरात दोन मतं आहेत.

मागच्या अंगणात छोटा कट्टा, नळ आणि चुलीची जागा मात्र हवीच. खापरावरचे मांडे गॅसवर होतात, पण चुलीसारखे नाहीत. आणि भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली नाहीत तर ते आपलं भरीत नव्हे. बंद स्वयंपाकघरात तो धूर काढायला कुठलीही चिमणी पुरणार नाही.

हॉल १६ बाय ११ फुटांचा आहे. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी कानबाई बसते, सगळे भाऊबंद येतात, रात्रभर गाणी होतात, सोमवारी विसर्जन. त्या दिवशी हॉल पूर्ण मोकळा लागतो. मग एल आकाराचा सोफा उचलून ठेवायचा कुठे? त्याऐवजी दोन दिवाण करायचा विचार आहे, आत पेटी म्हणजे पाहुण्यांच्या गाद्या-गोधड्या मावतील, वर सुती खोळी. रेक्झिन आपल्या उन्हाळ्यात अंगाला चिकटतं. जमिनीवर बसायला चटया आहेतच, त्या तर आपल्या एमआयडीसीतच बनतात. टीव्हीसाठी एवढं मोठं युनिट कशाला, एक फळी पुरे. बैठक अशी ठेवून पस्तावलेलं कुणी आहे का? असाल तर स्पष्ट लिहा, मला खरंच ऐकायचंय.

शेवटचा प्रश्न झोपाळ्याचा. गावाकडच्या घरातली सागवानी फळी आणि पितळी कड्या आहेत, धाब्याच्या घराच्या सऱ्याला, म्हणजे लाकडी तुळईला, टांगलेल्या. आखाजीला नणंदा माहेरी येतात आणि झोक्याशिवाय आखाजी होत नाही. पण इथे स्लॅब टाकताना हूक सोडलेले नाहीत. आता भोक पाडून केमिकल अँकर (रसायनाने घट्ट चिकटवलेला बोल्ट) बसवणं सुरक्षित आहे का, की बीमलाच पट्टी कसून टांगावं? झोपाळ्याचं वजन नुसतं लटकत नाही, हलत राहतं, त्यामुळे अंदाजाने करायचं नाही. इथे स्थापत्य अभियंते असतील तर कृपया सांगा.

भर: प्रतिसाद देणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार. रंगाचा क्रम तुमच्यामुळे ठरला. आधी वाळवीचं औषध, मग प्लास्टर पूर्ण सुकल्यावर पुट्टी, प्रायमर आणि एक हात, त्यानंतर सुतारकाम, शेवटचा हात अगदी अखेरीस. पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीतल्या बारीक भेगा पावसाळ्याआधी भरून घेणार आहोत. इन्व्हर्टर वर जातोय, कोठ्या जिन्याखाली. ज्या ताईंनी जिन्याखालच्या दाराला जाळी लावायला सुचवलं त्यांना विशेष धन्यवाद, हवा खेळेल आणि उंदीरही येणार नाहीत.

झोपाळ्यासाठी एका अभियंत्यांना घर दाखवणार आहोत. ते येण्याआधी आमच्याकडे बीमचा नकाशा असावा, एवढं कळलंय. आणखी काय विचारून घ्यावं? आणि हॉलमधल्या कूलरच्या हवेबद्दल अजून कुणी लिहिलेलं नाही. धुळे, भुसावळ, अमळनेरकडच्या मंडळींनी सांगितलं तर फार बरं होईल, कारण खिडकीचं ग्रिल या आठवड्यात ठरवायचं आहे.