ड्रोन नकाशातली लपलेली जागा: कोरी ठेवायची का भरायची?

गोदाकाठ: अंबड तालुक्यातल्या आमच्या गावठाणाचा ड्रोन नकाशा पाहिला. आमचं माळवद आणि शेजाऱ्याचा दुमजली स्लॅब, मधे बोळ. शेजाऱ्याची पाण्याची टाकी नकाशात दोनदा! एकदा गच्चीवर, एकदा बोळात. ड्रोन 120 मीटरवर असेल आणि 6 मीटर उंच घर त्याच्या थेट खालच्या बिंदूपासून 57 मीटर दूर, तर भिंतीमागची 3 मीटर जमीन त्या फोटोत येतच नाही. आमचा बोळ अडीच मीटरचा. सॉफ्टवेअरनं तिथं गच्चीच पुन्हा चिकटवली. झेड-बफरनं, म्हणजे कॅमेऱ्यापासूनचं अंतर तपासायच्या रीतीनं, हे पकडता येतं: एकाच पिक्सेलवर दोन बिंदू हक्क सांगत असतील तर कॅमेऱ्याजवळचा दिसणारा, लांबचा लपलेला. लपलेलं सापडलं की कोरं ठेवा.

टेपवाला: भाऊ, एका फोटोत लपलं म्हणून सगळ्यांतच लपतं का? बोळाच्या रेषेत उडालेल्या फोटोत तळ स्वच्छ दिसतो, तिथून उचलून भरायचं. कोरे डाग ठेवून नकाशा चावडीवर लावा बरं. पहिला प्रश्न येईल, “माझी जागा सरकारजमा झाली का?”

गोदाकाठ: भरा की, पण खरंच दिसलेलंच भरा. झेड-बफर पृष्ठभागाच्या मॉडेलवर, म्हणजे घरं-झाडांसकट उंची दाखवणाऱ्या आराखड्यावर चालतो. त्यात छताची कड विरघळली असली तर लपलेलंही दिसणारं ठरतं.

पिक्सेलमामा: हे उपग्रहालाही लागू आहे. इस्रोच्या कार्टोसॅट-1 उपग्रहाचा पुढचा कॅमेरा 26 अंश कललेला होता, म्हणजे 10 मीटर इमारतीमागे जवळपास 5 मीटर झाकलं जायचं. पण जमिनीवर एक पिक्सेलच अडीच मीटरचा, जेमतेम दोन पिक्सेल गेले. ड्रोनच्या 5 सेंटिमीटर पिक्सेलवर तेवढीच पट्टी शंभर पिक्सेल खाते. चित्र जितकं बारीक, तितकी ही भानगड मोठी. आणि सावलीशी गल्लत नको राव. सावलीत थोडी तरी माहिती असते, उजळवता येते. लपलेल्या जागेत उजळवायला काहीच नसतं.

लिंबाचा पार: अन् झाडाचं काय? आमच्या लिंबाखाली ओटा आहे. वरून कितीबी फोटो काढा, पानंच दिसनार. मॉडेल शेंड्यालाच पृष्ठभाग धरतं.

टेपवाला: ड्रोन उडायच्या आधी हद्दीवर चुन्याच्या रेघा मारायला मी स्वतः होतो. एका लिंबाखालची रेघ फोटोत आलीच नाही. नकाशात मात्र तिथं छान हिरवं, कुणाला शंका आली नाही. तक्रार आल्यावर टेप घेऊन गेलो. झाडाखाली कोरा डाग असता तर आधीच गेलो असतो, एवढं मान्य. बोळाचं मात्र नाही.