अमेरिकेतील लहान गावाचे जनगणनेचे आकडे कसे वाचावेत? (ॲनामोसा, आयोवा)

शरद_सातारा यांचा प्रश्न

नमस्कार. माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत आयोवा राज्यातील सीडर रॅपिड्स येथे नोकरीला आहेत. तेथून सुमारे चाळीस किलोमीटरवर ॲनामोसा नावाचे गाव आहे. ते जोन्स काउंटीचे मुख्यालय, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत तालुक्याचे ठिकाण म्हणावे असे आहे. शहरापेक्षा तेथे घरे स्वस्त मिळतात म्हणून तेथेच घर घ्यावे, असे दोघांच्या मनात आहे. माझी सारी नोकरी लेखा विभागात गेल्यामुळे गावाचे वर्णन वाचण्याआधी मी त्याचे आकडे उघडले, आणि तेथेच अडलो.

जनगणनेनुसार गावाची लोकसंख्या 2000 मध्ये 5,494, 2010 मध्ये 5,533 आणि 2020 मध्ये 5,450 आहे. म्हणजे गाव वाढतही नाही आणि ओसही पडत नाही, इथपर्यंत सारे सरळ आहे. परंतु तक्त्यात दिलेली हाउसहोल्डची (एका घरात राहणाऱ्यांच्या गटांची) संख्या आणि हाउसहोल्डमधील सरासरी माणसे यांचा गुणाकार केला, तर तो एकूण लोकसंख्येपेक्षा हजाराच्या आसपास कमी भरतो. एवढी तफावत आमच्या कार्यालयात निघाली असती तर लेखापरीक्षकांनी कोणाला घरी जाऊ दिले नसते. शिवाय स्त्रियांच्या तुलनेत पुरुषांची संख्या फारच जास्त दिसते, आणि हाउसहोल्डचे उत्पन्न बरे असूनही दरडोई उत्पन्न मात्र त्या मानाने खूपच कमी आहे. एकट्या माणसाची घरे इतकी का आहेत, आणि ‘रिकामी’ म्हणून दाखवलेली घरे पडकी समजावीत का, हेही कळले नाही. जाणकारांनी कृपया उलगडा करावा.

आकडेमोड यांचा प्रतिसाद

शरदराव, आपला गुणाकार बरोबर आहे आणि तक्ताही बरोबर आहे. मधला हजार माणसांचा आकडा गावाच्या मध्यवस्तीजवळच्या एका दगडी भिंतीआड आहे. ॲनामोसामध्ये आयोवा राज्याचा जुना मोठा तुरुंग आहे. एकोणिसाव्या शतकात तेथील खाणींतल्या चुनखडीच्या दगडातून, कैद्यांच्याच हातून तो बांधला गेला आणि आजही चालू आहे. अमेरिकी जनगणना 1 एप्रिल या दिवशी माणूस जेथे राहत-झोपत असतो तेथे त्याची नोंद करते. त्यामुळे राज्याच्या कोणत्याही कोपऱ्यातून आणलेला कैदी ॲनामोसाचा रहिवासी म्हणून मोजला जातो.

आता हाउसहोल्डकडे येऊ. अमेरिकेत एका हाउसिंग युनिटमध्ये, म्हणजे स्वतंत्र घरात किंवा सदनिकेत, राहणारी सर्व माणसे मिळून एक हाउसहोल्ड होते, मग ती एकमेकांच्या नात्यातली असोत वा नसोत. रक्ताच्या, विवाहाच्या किंवा दत्तकाच्या नात्याने बांधलेली निदान दोन माणसे असतील तरच त्याला फॅमिली म्हणतात. आपल्या जनगणनेची कसोटी निराळी आहे. आपण एका स्वयंपाकघरात जेवणाऱ्यांना एकत्र धरतो, म्हणून एकाच वाड्यात वेगळ्या चुली मांडलेल्या भावांची आपल्याकडे वेगळी नोंद होते, तर तिकडे दार कोणाचे वेगळे आहे हे पाहिले जाते. तुरुंग, वसतिगृहे, वृद्धांची शुश्रूषागृहे, सैनिकी बराकी यांना मात्र ते हाउसहोल्ड धरत नाहीत. त्यांचा ‘ग्रुप क्वार्टर्स’ असा निराळा गट असतो. तेथील माणसे लोकसंख्येत येतात, पण हाउसहोल्डमध्ये किंवा त्याच्या सरासरीत येत नाहीत. आपले हजार तेथे आहेत. त्याच अहवालात ग्रुप क्वार्टर्सचा तक्ता स्वतंत्र दिलेला असतो. तो आकडा आपल्या गुणाकारात मिळवला की ताळेबंद जुळेल.

पुरुषांचे आधिक्य याच कारणाने आहे, कारण हा पुरुषांचा तुरुंग आहे. वयाचे तक्ते पाहिलेत तर हे आधिक्य मुलांत किंवा वृद्धांत दिसणार नाही, कमावत्या वयाच्या पुरुषांतच साठलेले दिसेल.

दरडोई उत्पन्नाचा घोळ अधिक सूक्ष्म आहे आणि घर घेणाऱ्याची दिशाभूल करणारा आहे. हाउसहोल्डच्या उत्पन्नाचा मध्यक (चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा) काढताना केवळ हाउसहोल्ड विचारात घेतात, म्हणजे तेथे तुरुंग वगळला जातो. दरडोई उत्पन्न काढताना गावातील सर्वांच्या उत्पन्नाची बेरीज करून तिला गावातील सर्व माणसांनी भागतात, आणि त्या भाजकात कैदी धरलेले असतात, ज्यांचे उत्पन्न नगण्य असते. त्यामुळे गावातील एकाही कुटुंबाची मिळकत घटलेली नसताना दरडोई आकडा खाली येतो. दारिद्र्यरेषेचा तक्ता मात्र कैद्यांना पुन्हा बाहेर ठेवतो. एका गावाचे तीन तक्ते, आणि तिन्हींचा ‘गाव’ वेगळा! म्हणून प्रत्येक तक्त्याखाली बारीक अक्षरात कोणाची गणना केली आहे ते दिलेले असते, ते आधी वाचावे. आपण आयुष्यभर तळटिपा वाचल्या असणार, त्यामुळे हे आपल्याला सांगायला नको.

मिडवेस्टवासी यांचा प्रतिसाद

आकडेमोड यांनी सांगितलेल्या तुरुंगाने या गावाच्या राजकारणात घडवलेला प्रकार अमेरिकेत बराच गाजला होता, तो येथे नोंदवतो. ॲनामोसाच्या नगर परिषदेसाठी गावाचे चार प्रभाग समान लोकसंख्येचे पाडले होते. त्यांपैकी दुसऱ्या प्रभागात तुरुंग असल्याने सुमारे 1,400 लोकसंख्येपैकी 1,300 हून अधिक कैदी होते, आणि कैद्यांना मताधिकार नाही. भिंतीबाहेर जेमतेम पन्नास-साठ माणसे उरली. 2005 च्या निवडणुकीत त्या प्रभागातून कोणीच उभे राहिले नाही. मतपत्रिकेवर एका गृहस्थांचे नाव हाताने लिहून दोघांनी मत दिले, एक त्यांच्या पत्नीने आणि दुसरे शेजाऱ्याने, आणि दोन मतांवर ते निवडून आले. पुढे गावाने प्रभागपद्धतच सोडून दिली आणि सर्व सदस्य साऱ्या गावातून निवडण्याचे ठरवले. न्यूयॉर्क आणि मेरीलँड या राज्यांनी 2010 मध्ये कायदे करून मतदारसंघ आखताना कैद्याला त्याच्या मूळ पत्त्यावर मोजण्याची पद्धत आणली, ती अशाच तक्रारींमुळे.

रिकाम्या घरांविषयी एवढेच सांगतो की ‘रिकामे’ म्हणजे गणनेच्या वेळी तेथे कोणाचे नेहमीचे वास्तव्य नव्हते, इतकाच त्याचा अर्थ आहे. भाड्याने देण्यासाठी ठेवलेले, विक्रीस काढलेले, विकले गेले पण मालक अजून राहायला न आलेले, केवळ उन्हाळ्यात वापरले जाणारे, हे सारे त्यात येते. यांपैकी कशातही न बसणाऱ्या घरांचा ‘इतर’ असा शेवटचा गट असतो. वारसांचे वाद चाललेली किंवा खरोखर ओस पडलेली घरे त्या गटात सापडतात. गावाची प्रकृती पाहायची असेल तर एकूण रिकाम्या घरांचा आकडा सोडून हा गट पाहावा.

एकट्या माणसांची घरे ही ॲनामोसाची विशेष गोष्ट नाही. 1940 मध्ये संपूर्ण अमेरिकेत अशी हाउसहोल्ड 7.7 टक्के होती, ती 2020 मध्ये 27.6 टक्के झाली. मिडवेस्टमधील (आयोवा ज्यात येते त्या मध्य-उत्तर भागातील) लहान गावांत तर जोडीदार गेल्यावर मुलांकडे न जाता स्वतःच्याच घरात राहणाऱ्या आजी बऱ्याच आढळतात.

शरद_सातारा यांचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ग्रुप क्वार्टर्सचा आकडा मिळवून पाहिला आणि ताळेबंद जुळला. आता पुढची अडचण अशी आहे की उत्पन्न आणि घरांच्या किमती ज्या तक्त्यात आहेत, तेथे प्रत्येक आकड्यापुढे अधिक-उणे असे चिन्ह देऊन दुसरा आकडा दिला आहे. आशियाई वंशाच्या लोकांच्या ओळीत तर तो दुसरा आकडा मूळ आकड्यापेक्षा मोठा आहे. म्हणजे गावात आपली माणसे उणे संख्येने राहतात असे समजायचे का? तसेच या तक्त्यातील लोकसंख्या जनगणनेच्या लोकसंख्येशी जुळत नाही.

गोदाकाठ यांचा प्रतिसाद

काका, उणे माणसे अजून तरी अमेरिकेत आढळलेली नाहीत. आपण पाहत आहात तो तक्ता दर दहा वर्षांच्या जनगणनेचा नसून अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे या नमुना पाहणीचा आहे.

पूर्वी जनगणनेतच दोन प्रकारचे अर्ज असत. लहान अर्ज सर्वांसाठी होता, आणि उत्पन्न, शिक्षण, घराचे वय वगैरे विचारणारा लांबलचक अर्ज साधारण सहापैकी एका घराला जाई. 2000 नंतर तो लांब अर्ज बंद झाला आणि 2005 पासून त्याची जागा या वार्षिक पाहणीने पूर्णपणे घेतली. दरवर्षी देशभरातील सुमारे 35 लाख पत्त्यांवर ही प्रश्नावली जाते. 2020 मध्ये देशात 14 कोटींहून अधिक हाउसिंग युनिट्स होती हे लक्षात घेतले, तर एका वर्षात सरासरी चाळीस घरांतील एका घराची पाळी येते. लहान गावांत हे प्रमाण काहीसे वाढवतात, तरीही पाच हजारांच्या गावातून वर्षाकाठी मिळणारी उत्तरे मोजकीच असतात. म्हणून 65,000 पेक्षा कमी वस्तीच्या गावांसाठी सलग पाच वर्षांची उत्तरे एकत्र करूनच आकडे प्रसिद्ध होतात. आपल्यासमोरचा आकडा कोणत्याही एका वर्षाचा नाही, त्या पाच वर्षांचा मिळून आहे.

अधिक-उणे चिन्हापुढचा आकडा म्हणजे मार्जिन ऑफ एरर, नमुन्यामुळे मूळ आकडा किती चुकू शकतो याची मर्यादा. तो 90 टक्के विश्वासपातळीवर काढलेला असतो, म्हणजे अशा दहा पाहण्या केल्या तर साधारण नऊंमध्ये खरा आकडा त्या मर्यादेत पडावा. समजा, आशियाई वंशाचे 20 लोक आणि पुढे अधिक-उणे 25 असे लिहिले असेल, तर त्यातून ‘अशी माणसे फार नाहीत’ याहून जास्त काही निघत नाही. असा आकडा दोन वर्षांनी 45 झाला म्हणून भारतीय वस्ती वाढली असे मुलीला कळवू नये. माणसे मोजायची असतील तर जनगणनेचा आकडा घ्यावा आणि माणसांचे राहणीमान पाहायचे असेल तर या पाहणीचा. दोन्हींची लोकसंख्या जुळवण्याच्या भरीस पडू नये.

जनगणनेच्या आकड्यातही 2020 पासून एक मेख आहे. कोणाची वैयक्तिक माहिती आकड्यांवरून उलगडू नये म्हणून जनगणना खाते लहान भूभागांच्या आकड्यांत मुद्दाम थोडी उलथापालथ करते. राज्याची एकूण लोकसंख्या जशीच्या तशी ठेवली जाते, प्रत्येक ब्लॉकमधील (जनगणनेच्या सर्वांत लहान भूभागातील) हाउसिंग युनिट्सची संख्याही ठेवली जाते, परंतु त्यांतील किती घरांत माणसे राहतात आणि ती किती, हे आकडे हलवले जातात. याचे सर्वांत गमतीदार उदाहरण नेब्रास्कातील मोनोवाय या गावाचे आहे. 2000 मध्ये तेथे एक दांपत्य राहत होते. पती वारल्यावर 2010 च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या एक झाली. त्या बाई स्वतःच महापौर, कारकून, खजिनदार आणि ग्रंथपाल होत्या. गावातील खानावळवजा दारूचे दुकान त्या चालवत आणि त्याचा परवानाही त्याच स्वतःला देत. 2020 च्या जनगणनेने गावाची लोकसंख्या दोन जाहीर केली. दुसरे माणूस गावात नव्हतेच, ते या उलथापालथीतून आले होते. ॲनामोसाच्या आकाराच्या गावाला याने एकूण संख्येत फारसा फरक पडत नाही, पण एखाद्या गल्लीपुरते किंवा एखाद्या ब्लॉकपुरते आकडे काढून निष्कर्ष बांधू नयेत.

मिडवेस्टवासी यांचा प्रतिसाद

गोदाकाठ यांच्याशी सहमत असूनही मला वाटते की घर घेण्याच्या निर्णयासाठी यांतील बरेचसे तक्ते बाजूला ठेवलेले बरे. घरांच्या किमतीचा जो मध्यक त्या पाहणीत येतो तो विक्रीच्या व्यवहारांवरून काढलेला नसतो. ‘आज विकले तर किती येतील असे वाटते’ या प्रश्नाला मालकाने दिलेले ते उत्तर असते. वीस वर्षे घर न विकलेल्या माणसाचा तो अंदाज आहे. त्याऐवजी काउंटीच्या असेसर (मालमत्तेचे करमूल्य ठरवणाऱ्या) कार्यालयाच्या नोंदी पाहाव्यात. घराचे करमूल्य, बांधकामाचे वर्ष, मागील विक्री केव्हा व कितीला झाली, हे तेथे सर्वांसाठी खुले असते.

आकडेमोड यांचा प्रतिसाद

किमतीबाबत हे मान्य आहे, मात्र एक तक्ता मी बाजूला ठेवणार नाही. तो म्हणजे घरे कोणत्या दशकात बांधली याचा. त्यातील सर्वांत जुना गट ‘1939 किंवा त्यापूर्वी’ असा असतो आणि मिडवेस्टच्या जुन्या गावांत तो चांगलाच भरलेला दिसतो. अमेरिकेत घरगुती रंगात शिसे वापरण्यावर 1978 मध्ये बंदी आली, त्याआधीच्या घरांत तसा रंग असण्याची शक्यता राहते. अशा घराविषयी विक्रेत्याला जे ठाऊक असेल ते खरेदीदाराला लेखी कळवणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि करार पक्का होण्यापूर्वी तपासणीसाठी दहा दिवसांची मुदत मागता येते. घरात लहान मूल असेल किंवा होणार असेल, तर मुलीला ही तपासणी सोडू नकोस असे अवश्य सांगावे.

त्याच्याच शेजारी घरमालक आणि भाडेकरू यांच्या प्रमाणाचा तक्ता आहे, तोही पाहावा. तुरुंगाचा त्याच्याशी संबंध येत नाही, कारण तो फक्त वसलेल्या घरांवरून काढलेला असतो. जावईबापू आधी वर्षभर भाड्याने राहून पाहणार असतील, तर भाड्याची किती घरे रिकामी असतात याचा अंदाज त्यावरून आणि मिडवेस्टवासी यांनी सांगितलेल्या रिकाम्या घरांच्या गटांवरून येईल. त्या दोन्ही ओळींचे मार्जिन ऑफ एरर आपण येथे टाकलेत, तर पुढचा हिशेब मी करून देतो.