कंबर-खुब्याचं दुखणं: व्यायाम न शिकवणाऱ्या कायरोप्रॅक्टरकडे जावं का?

परसदार (न्यू जर्सी):
इकडे ओळखीपाळखीत कुणाची कंबर धरली किंवा खुब्यातून कळ निघाली, की "अमक्याकडे जा, लगेच मोकळं करतो" हा सल्ला ठरलेला. टेबलावर पालथं झोपायचं, मणक्यात कट्ट वाजलं की बरं वाटतं, मग पुढच्या आठवड्याची वेळ घेऊन घरी. बरं वाटतं हे मी नाकारत नाही. पण जो कायरोप्रॅक्टर (हाताने मणका हलवून उपचार करणारा) व्यायाम शिकवत नाही आणि पुढच्या खेपेला "करून दाखवा" म्हणत नाही, त्याच्याकडे जाऊच नये, असं माझं ठाम मत आहे. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेची कंबरदुखीची २०१६ची मार्गदर्शिका हेच सांगते: मणक्यावर हाताने उपचार करायचे तर व्यायामाच्या जोडीने, नुसते नाहीत.

इथे मात्र पैशाचं गणित उलटं आहे. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्यविमा योजना, कायरोप्रॅक्टरला फक्त हाताने मणका हलवण्याचे पैसे देतं. त्याने व्यायाम शिकवला तर त्याचे नाहीत. आपली पासष्टी उलटलेली कितीतरी मंडळी याच योजनेवर आहेत. ज्याचे पैसे मिळतात तेच होणार ना?

घाटवाट (शिकागो):
असहमत. ज्याला कुशीवर वळता येत नाही त्याला व्यायाम कसला सांगता? बर्फ उपसताना माझी पाठ धरली तेव्हा बेसिनपाशी वाकून चूळ भरता येईना. कायरोप्रॅक्टरने हात लावल्यावर त्या संध्याकाळी मी निदान घरात फिरू लागलो. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेच्या २०१७च्या शिफारशी वाचा. नव्याने उद्भवलेल्या कंबरदुखीसाठी शेक, मसाज, ॲक्युपंक्चर आणि मणक्याचं मॅनिप्युलेशन (हाताने मणका हलवणं) ही नावं आहेत. त्या यादीत व्यायाम नाही.

परसदार:
त्याच शिफारशींत असंही आहे की असं नवं दुखणं बहुतेकांचं काहीही केलं तरी ओसरतं. आणि महिनोन् महिने चालणाऱ्या दुखण्यावर व्यायाम आहेच. मी बोलतोय ते वर्षानुवर्षं खेपा घालणाऱ्यांबद्दल.

फिजिओताई (नाशिक):
घाटवाट, तुमचा आराम खरा आहे. कळ कमी झाली की माणूस हलायला धजतो, आणि व्यायाम सुरू करायची तीच वेळ. माझं भांडण "मणका सरकला होता, जागेवर बसवला" या वाक्याशी आहे. तो कट्ट आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. २०१५ साली कॅनडात अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी बोटांची पेरं एमआरआयखाली वाजवून पाहिली. सांध्याच्या पृष्ठभागांमध्ये वायूची पोकळी तयार होताना दिसली, एवढंच. पण "सरकलाय" हे एकदा डोक्यात बसलं की पेशंट वाकायला घाबरतो, जपून जपून स्नायू आणखी ढिले पडतात.

खुब्याचं तर वेगळंच असतं. बाहेरच्या बाजूला, कुशीवर झोपलं की ठणकतं, हे दुखणं चाळिशीनंतर बायकांमध्ये फार. दोष बहुधा मणक्यात नसतो, नितंबाच्या स्नायूंच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या, दुखावलेल्या असतात. यावर ऑस्ट्रेलियात झालेली चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. शिक्षण आणि व्यायाम मिळालेल्या गटात ८ आठवड्यांनी सुमारे ७७ टक्के लोकांना बरं वाटलं, स्टेरॉइडच्या इंजेक्शनने ५८ टक्क्यांना, नुसतं थांबून पाहणाऱ्यांत २९ टक्क्यांना. यातलं 'शिक्षण' म्हणजे साध्या गोष्टी. ओट्यापाशी उभं असताना सगळा भार एका पायावर टाकून खुबा बाहेर काढायचा नाही. मांडीवर मांडी टाकून बसायचं नाही. झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी.

व्यायामातला एकच सांगते, कारण तो सर्रास चुकतो. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलायची. टाचा नितंबांपासून लांब राहिल्या तर मांडीच्या मागे गोळा येतो आणि नितंबाला काम मिळतच नाही. टाचा जवळ घ्या, नितंब हाताने चाचपून बघा, घट्ट झाला पाहिजे. हे बघायला समोर माणूस लागतो. म्हणून परसदारांचं "करून दाखवा" मला पटतं.

सडाफुली (ठाणे):
मग कायरोप्रॅक्टर हवाच कशाला? सरळ फिजिओकडे जा. आपल्याकडे तर कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणारी सरकारी परिषदही नाही, आणि मोबाइलवर माना मोडण्याचे व्हिडिओ बघून लोक रांगा लावतात. मानेला झटका द्यायला परवानगी देणारे लोक मला खरंच समजत नाहीत.

घाटवाट:
भारताचं माप अमेरिकेला लावू नका. इथे पन्नासही राज्यांत त्यांना परवाना लागतो. माझा कायरोप्रॅक्टर मानेला हात लावत नाही आणि व्यायामाचा कागदही देतो. प्रश्न आमचा आहे. कागद फ्रिजवर लागतो आणि चार दिवसांनी कुणी बघत नाही. ठरलेली वेळ असली की निदान घराबाहेर पडणं होतं.

परसदार:
घराबाहेर पडायचंच तर चाला! २०२४ साली सिडनीच्या मॅक्वायरी विद्यापीठाच्या संशोधकांनी कंबरदुखीतून नुकतंच बरं झालेल्या ७०१ जणांची चाचणी प्रसिद्ध केली. टप्प्याटप्प्याने चालणं वाढवलेल्या गटात कामात अडथळा आणणारं दुखणं परत यायला मध्यकाने (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) २०८ दिवस लागले, बाकीच्यांना ११२.

सडाफुली:
त्या चाचणीत मार्गदर्शन फिजिओथेरपिस्टचंच होतं, हेही लिहा. आणि मेडिकेअर फिजिओथेरपीचे पैसे देतं. डॉक्टरांनी उपचारांची योजना मान्य केलेली लागते, एवढंच. मग पासष्टीपुढच्यांनी फक्त कट्ट आवाजाला का चिकटून राहावं?

घाटवाट:
कारण फिजिओकडे तीन आठवड्यांनी वेळ मिळते, कायरोप्रॅक्टरकडे उद्या. दुखणाऱ्याला उद्याच हवं असतं. मी जाणार.

फिजिओताई:
जा. पण धाग्यावर नवीन येणाऱ्यांसाठी: कंबरदुखीसोबत मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा आला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, दोन्ही पायांतला जोर गेला, तर व्यायामही नको आणि कायरोप्रॅक्टरही नको. त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटलच्या आपत्कालीन विभागात जा.