स्काऊट पथकाच्या पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप बंद केला. चुकलं का?

शनिवारचे गुरुजी

वाईतल्या एका शाळेत मी मराठी शिकवतो आणि अकरा वर्षं स्काऊट पथक सांभाळतो. पाचवी ते नववीची ३२ मुलं, चार संघ: वाघ, गरुड, हत्ती, मोर.

ऑक्टोबरात धोम धरणाच्या बाजूला पायी सहल ठरली होती. रविवारी सकाळी साडेसहाला एसटी स्टँडवर जमायचं. शनिवारी दुपारपासून परतीच्या पावसाने झोडपायला सुरुवात केली, म्हणून संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर टाकलं, 'सहल पुढच्या रविवारी'. त्याच रात्री ग्रुपवर एका मुलाचा वाढदिवस, त्याला चाळीसेक शुभेच्छा, कुणाच्या तरी दुकानाची दिवाळीची जाहिरात आणि दोन सुविचार. रविवारी आठ वाजता स्टँडवरच्या कंट्रोलरचा फोन आला, "सर, तुमची दोन पोरं गणवेशात बसून आहेत इथं." सव्वासहापासून बसली होती. त्यातला एक वाडीवरून चालत आलेला. स्कार्फ भिजून गळ्याला चिकटला होता आणि डब्यात आईने चारला उठून केलेल्या दशम्या. मला म्हणाला, "सर, मला वाटलं पावसातपण जायचं असतं."

त्याच्या घरी फोन एकच आणि तो वडिलांबरोबर पुण्याला गेलेला.

मी ग्रुप बंद केला. आता पद्धत अशी: तीन महिन्यांच्या कार्यक्रमांचं छापील पत्रक घरी जातं. शनिवारच्या मेळाव्यात शेवटची दहा मिनिटं प्रत्येक मुलगा पुढचा कार्यक्रम स्वतःच्या डायरीत लिहितो, संघनायक तपासतो, घरी मुलाने वाचून दाखवायचं आणि सही आणायची. आयत्या वेळी बदल झालाच तर मी चार संघनायकांना फोन करतो आणि ते आपापल्या संघातल्या घरी. दोन महिने हे नीट चाललंय. पण पाच-सहा पालक माझ्यावर चांगलेच नाराज आहेत. माझं म्हणणं असं की घरी कळवणं हे मुलाचंच काम आहे. तुम्हाला काय वाटतं?

रात्रपाळी

गुरुजी, तुमच्या त्या नाराज पालकांत मी नाही, पण असते तर सगळ्यात मोठ्याने बोलले असते. मी नर्स आहे. माझा मुलगा सहावीत, दुसऱ्या गावच्या पथकात. त्याच्याकडे दिलेला कागद मला कुठे मिळतो सांगू? पँटच्या खिशात, मशीनमधून धुऊन निघालेला, पांढरा गोळा. उलगडला तर फक्त 'कळविण्यात येते की' एवढं वाचता येतं.

आमचा ड्युटी चार्ट २५ तारखेला लागतो. त्याआधी तारीख हातात असेल तर मी अदलाबदल करून घेते. नंतर कळलं तर कुणाच्या तरी पाया पडावं लागतं. मला तुमचे सुविचार नकोत, फोटो नकोत. तारीख, वेळ, जागा, पैसे, परत कधी. पाच गोष्टी. त्या रात्री तीन वाजता वॉर्ड शांत असताना मला फोनवर दिसल्या पाहिजेत. ग्रुपमध्ये घाण झाली तर ग्रुप साफ करा. फक्त ॲडमिनने लिहायचं अशी सोय तिथे कित्येक वर्षांपासून आहे. दोन पोरं भिजली ती ग्रुपमुळे नाही, ग्रुपला वळण नव्हतं म्हणून.

गाठ सुटली

मी गुरुजींच्या बाजूने. १९८४ ते ८९ स्काऊट होतो, सोलापूरला. तेव्हा घरी फोन नव्हता आणि कुणाचं अडलंही नाही. आमचा संघनायक सायकलवरून सात घरं फिरायचा. माझ्या आजीसमोर उभा राहून सांगायचा, "आजी, रविवारी सकाळी सातला, भाकरी बांधून द्या, संध्याकाळी सहाच्या आत याला घरी आणून सोडतो." तेव्हा तो असेल चौदा वर्षांचा. आजीचा विश्वास शाळेवर नव्हता, त्या पोरावर होता.

स्काऊटिंग सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं तेव्हाच मुलांचे छोटे संघ पाडले आणि प्रत्येक संघाची जबाबदारी त्यातल्याच एका मुलावर टाकली. स्काऊटिंगचा सगळा जीव त्या संघपद्धतीत आहे. आज मोठ्यांनी मोठ्यांना परस्पर कळवायचं आणि मुलगा मध्ये पार्सलसारखा. माझ्या पुतण्याला विचारलं, "शिबिर कधी रे?" तर म्हणतो, "आईला विचार, तिच्या मोबाईलवर आहे." शिबिराला हा जाणार की आई?

रात्रपाळी

काका, तुमच्या आजी घरी होत्या. संघनायक माझ्या दारात आला तर कुलूप बघून जाईल. आणि जबाबदारी शिकायलाच हवी, पण ती शिकताना मुलगा चुकणार, आणि चुकला की रजा माझी जाणार. दोन्ही ठेवा ना. त्याने सांगायचं ते सांगू दे, मला वेगळं कळू दे.

शेवटचा बाक

बीड जिल्ह्यात शिक्षक आहे, कब म्हणजे स्काऊटच्या आधीच्या लहान मुलांचं पथक घेतो. इथली निम्मी घरं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात ती मार्च-एप्रिलला परत येतात. मुलं आजीकडे नाहीतर हंगामी वसतिगृहात. आई-बाप कोल्हापूर, सांगलीकडे नाहीतर थेट कर्नाटकात फडावर. आजीला वाचता येत नाही, म्हणजे तुमचं पत्रक तिच्यासाठी कोरा कागदच. आईच्या हातात फोन असतो, पण फडावरच्या कोपीवर, म्हणजे झोपडीत, चार्जिंग कुठलं? दोन-दोन दिवस बंद.

मी काय करतो ते सांगतो. मुलगा आजीला वाचून दाखवतो आणि आजीने माझ्याशी फोनवर एक वाक्य बोलायचं, 'कळलं.' शेजाऱ्याच्या फोनवरून का होईना. आईबापाला मी बोलून रेकॉर्ड केलेला निरोप पाठवतो, लिहून नाही. फोन चालू होईल तेव्हा ऐकतात. ऊस तोडता तोडता ऐकतात, एका आईने तर तीनदा ऐकला म्हणे, कारण त्यात मागे तिच्या पोराचा आवाज होता. तेव्हा कागद की मोबाईल हा वाद मला शहरातला वाटतो. कोणत्या घरी काय पोचतं ते शिक्षकाला घरागणिक माहीत पाहिजे. ३२ घरांचं एवढं माहीत असणं अवघड नाही.

फुलपाखरू कंपनी

मी गाईड कॅप्टन आहे, म्हणजे मुलींचं पथक सांभाळते, त्यामुळे दुसरी बाजू सांगते. सगळे 'पालकांना कळवायचं' एवढंच बोलताहेत. पालकांकडून आपल्याला काय कळायला हवं?

चार वर्षांपूर्वी निवासी शिबिरात रात्री दीड वाजता एक मुलगी तंबूबाहेर बसलेली दिसली. सातवीतली. अंथरूण ओलं झालं होतं. आईला हे माहीत होतं, औषधही चालू होतं, पण सूचना ग्रुपवर आली होती आणि उत्तरही ग्रुपवरच द्यायचं. ७० घरांसमोर कोण लिहील? आईने फक्त अंगठा टाकला. आम्ही दोघींनी कुणाला न उठवता सतरंजी बदलली, मुलीला माझ्याशेजारी झोपवलं, सकाळी कुणाला पत्ता नव्हता. पण ती बिचारी संध्याकाळपासून पाणी न पिता बसली होती. हे मला आधी माहीत असतं तर झोपायच्या वेळी मीच तिला उठवून नेलं असतं.

तेव्हापासून माझ्या पत्रकाला खालचा अर्धा भाग असतो, फाडून परत द्यायचा. त्यात दमा, फिट, ॲलर्जी, चालू औषधं, पाळी सुरू झाली आहे का, आणि शेवटी एक मोकळी ओळ: 'ताईंना एकटीलाच सांगायचं असेल ते.' त्याच ओळीत सगळं कळतं. चिठ्ठी घडी घालून, स्टेपल करून येते. म्हणून मी कागदाच्या बाजूने. मुलीला वळण लागावं म्हणून नाही, त्या ओळीसाठी.

आणखी एक. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. आमच्या इथे एका आईला अनोळखी पालकाचे रात्री फोन यायला लागले, ती ग्रुपमधून निघाली आणि मुलीचं गाईडिंगही सुटलं. २०२३ च्या डिजिटल माहितीच्या कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती मागितली आहे. आपण मात्र मुलांच्या नावांच्या याद्या, फोटो, जन्मतारखा बिनधास्त ग्रुपवर टाकतो. 'फक्त ॲडमिन' केलं तरी नंबर दिसतातच, रात्रपाळीताई.

रात्रपाळी

ती मोकळी ओळ माझ्या मनात आली नव्हती. मान्य. मग ब्रॉडकास्ट यादी करा, त्यात कुणाचा नंबर कुणाला दिसत नाही.

फुलपाखरू कंपनी

केली होती. ज्यांनी माझा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो निरोप जातो. ११ जणींनी केलाच नव्हता आणि मला ते महिनाभर कळलं नाही. करायची असेल तर पहिल्या पालकसभेत समोर बसवून प्रत्येकीकडून नंबर सेव्ह करून घ्या.

एडिसनकर

न्यू जर्सीतून लिहितोय. मुलगा इथल्या ट्रूपमध्ये आहे. गुरुजींच्या पद्धतीतल्या एका गोष्टीला माझा ठाम विरोध. तुम्ही संघनायकाला थेट फोन करता. इथे कुठल्याही मोठ्या माणसाने मुलाशी एकट्याने संपर्क करायचा नाही, ईमेल असो, मेसेज असो की फोन. दुसरा लीडर किंवा पालक त्यात असलाच पाहिजे. हा नियम अनेक मुलांनी सोसलेल्या अत्याचारानंतर कडक झाला. त्या प्रकरणांत अमेरिकेतल्या स्काऊट संघटनेला २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला होता. तुमच्याबद्दल शंका नाही, गुरुजी. पण पद्धत अशी असावी की तुमच्या जागी उद्या कुणीही आला तरी मूल सुरक्षित राहील.

गाठ सुटली

अमेरिकेतलं इथे कशाला? आमच्याकडे सर म्हणजे घरचा माणूस.

फुलपाखरू कंपनी

दादा, 'घरचा माणूस' म्हणूनच तर कुणी विचारत नाही. एडिसनकरांचं बरोबर आहे. मुलींच्या बाबतीत मी हे कधीच मोडत नाही.

शनिवारचे गुरुजी

सगळं दोनदा वाचलं. एडिसनकर, तुमचा मुद्दा लागला आणि पटला. काल चारही संघनायकांच्या घरी जाऊन आलो. आता फोन आईच्या किंवा वडिलांच्या नंबरवर, स्पीकर चालू, मुलगा शेजारी. संघनायकानेही पुढे आपल्या संघात घरच्यांसमोरच फोन करायचा.

ताईंची मोकळी ओळ पुढच्या पत्रकात घेतोय. अकरा वर्षांत मला हे सुचलं नाही याचं वाईट वाटलं. आमच्याकडेही निवासी शिबिरात दोन मुलं रात्री जागी असायची, मी त्यांना 'झोपा रे' म्हणून ओरडलोय.

रात्रपाळीताई, तुमच्यासारख्या पालकांसाठी फोनवर एकेरी निरोप सुरू करतो, नंबर सेव्ह करून घेऊन. पण तो दोनच वेळा येईल: पत्रक निघालं की त्याचा फोटो, आणि बदल झाला तर बदल. फोटो मुद्दाम सोमवारी पाठवणार, म्हणजे शनिवार-रविवार मुलाला स्वतःच्या तोंडाने सांगायला मिळतील. एवढ्यावर मात्र मी मागे हटणार नाही. त्या पावसातल्या मुलाला नंतर मी मोर संघाचा संघनायक केलंय. त्याच्या घरी आजही फोन एकच आहे, म्हणून तो शनिवारी संध्याकाळी घरोघर चालत जातो. सांगून झालं की दारातल्या माणसाकडून तारीख आणि वेळ परत वदवून घेतो, हे त्याचं त्यानेच काढलंय.

पुढच्या पत्रकातला मजकूर खाली देतो. काय राहिलंय ते सांगा.

'रविवार, ११ जानेवारी. पांडवगड, जाऊन येऊन पायी. सकाळी ६ वाजता शाळेच्या फाटकाशी, संध्याकाळी ५ वाजता तिथेच परत. उशीर होणार असेल तर ४ च्या आत घरी फोन येईल. सोबत तीन मोठी माणसं. पैसे नाहीत. पूर्ण गणवेश, कॅनव्हासचे बूट, नवे बूट नकोत. दुपारचा डबा. अत्तर, स्प्रे, वासाचं तेल लावू नये, वाटेवर आग्यामोहोळ असू शकतं. मोबाईल आणू नये. यायचं की नाही ते २० डिसेंबरच्या आत खालच्या चिठ्ठीवर कळवा. यायचं नसेल तर कारण लिहायची गरज नाही.'

शेवटचा बाक

'कारण लिहायची गरज नाही' हे फार चांगलं केलंत. कधी घरात बूटच नसतात.

शनिवारचे गुरुजी

खरंय. 'चप्पलही चालेल, मागे पट्टा असलेली' असं लिहितो.

रात्रपाळी

२० डिसेंबर म्हणजे माझ्या चार्टच्या आधी. चालेल. पाणी राहिलं. किती द्यायचं ते आकड्यात लिहा. मागे 'पुरेसं पाणी' लिहून आलं होतं, मी अर्ध्या लिटरची बाटली दिली आणि पोरगं दुपारी दुसऱ्याकडे मागत बसलं.

शनिवारचे गुरुजी

दोन लिटर, दोन बाटल्यांत. घालतो.