एमआयआर-२०० कर्करोगाचा प्रसार रोखतो, मग दूरच्या गाठीला मदत कशी करतो?

प्रश्न (जळगाव, एम.एस्सी. जीवरसायनशास्त्र):
फुप्फुसाच्या कर्करोगाच्या प्रसारातील मायक्रोआरएनएंवर (प्रथिनांची निर्मिती दाबणाऱ्या आखूड आरएनए रेणूंवर) माझा सेमिनार आहे. एमआयआर-२०० कुटुंबातील रेणू झेब१ व झेब२ या प्रथिनांची निर्मिती दाबतात, त्यामुळे पेशींना जोडणारे ई-कॅडहेरिन हे प्रथिन टिकते आणि पेशी एकमेकींना धरून राहतात, एवढे समजले. मात्र स्तनाच्या कर्करोगावरील उंदरांच्या प्रयोगांत हेच रेणू दूरच्या अवयवात गाठ रुजायला मदत करतात, असे वाचले. मग त्यांना प्रसारविरोधी म्हणावे का?

उत्तर (धुळे, निवृत्त प्राध्यापक):
प्रसार ही एकच घटना नव्हे. मूळ गाठीपासून सुटणे, रक्तप्रवाहात तग धरणे आणि मेंदू, हाड, यकृत किंवा अधिवृक्क ग्रंथीत पोचून तेथे पुन्हा वाढू लागणे, असे त्याचे टप्पे आहेत. सुटताना पेशीला शेजारणींची पकड सोडावी लागते, तर रुजताना तीच पकड पुन्हा उपयोगी पडते. फुप्फुसाच्या ॲडिनोकार्सिनोमा या प्रकारच्या कर्करोगाच्या उंदरांवरील, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत एमआयआर-२०० वाढवल्यावर पेशींची पसरण्याची क्षमता गेली. म्हणून फुप्फुसापुरते तुमचे विधान चालेल. सरसकट मात्र करू नका.

आपल्या केळीबागांतील ठिबकचे उदाहरण द्या. सुमारे २२ न्यूक्लिओटाइडांचा (आरएनएच्या घटकांचा) हा रेणू मोटार बंद करत नाही, म्हणजे जनुक तसेच राहते. तो फक्त व्हॉल्व्ह आवळतो, म्हणजे प्रथिनाची निर्मिती कमी करतो, आणि एकाच व्हॉल्व्हवर अनेक ओळी असतात, म्हणजे एकच रेणू अनेक प्रथिनांना दाबतो. (परीक्षकांना ठिबक चटकन कळते, हा अनुभव आहे.)

उत्तर (भुसावळ):
एकाच कुटुंबावर थांबू नका. लेट-७ हा दुसरा मायक्रोआरएनए पेशींच्या वाढीला चालना देणाऱ्या रास प्रथिनाला आवर घालतो आणि फुप्फुसाच्या अनेक गाठींत तो घटलेला असतो. एमआयआर-२१ मात्र वाढतो आणि पीटेन या पेशींच्या वाढीला आवर घालणाऱ्या प्रथिनालाच दाबतो. उपचारांचा भाग लिहिताना हात आखडता घ्या, कारण एमआयआर-३४ए या मायक्रोआरएनएवर आधारित औषधाची माणसांवरील चाचणी रोगप्रतिकार यंत्रणेशी निगडित गंभीर दुष्परिणामांमुळे २०१६ मध्ये थांबवावी लागली होती.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. शीर्षकातील ‘प्रसारविरोधी’ काढते आणि आकृती टप्प्यांनुसार करते. सर, झेब१ कडून एमआयआर-२०० कडे उलटा बाणही दाखवू का?

उत्तर (धुळे):
अवश्य दाखवा. झेब१ एमआयआर-२०० च्या जनुकांचे वाचनच रोखते, म्हणजे दोघे एकमेकांना दाबतात. त्यामुळे एकाचे पारडे थोडे जड झाले की पेशी त्या बाजूला झुकते, आणि ती पुन्हा उलटही झुकू शकते. तुमच्या प्रश्नातील विसंगती त्या दोन बाणांतच सुटते.