दिवाळीत स्कूबा शिकायचंय: मालवण, अंदमान की थायलंड?

पाणकोंबडी_दादर
नमस्कार मंडळी. आम्ही तिघं: मी, नवरा आणि नुकतीच बारा पूर्ण झालेली लेक. मागे तारकर्लीला गेलो तेव्हा गाइडने टाकीला धरून पंधरा मिनिटं फिरवून आणलं, व्हिडिओ हातात दिला. मजा आली, पण ते बाबांच्या खांद्यावर बसून जत्रा बघण्यासारखं झालं. आता रीतसर शिकून सर्टिफिकेट घ्यायचंय. हाताशी दिवाळीचे आठ दिवस. मालवण, अंदमानातलं हॅवलॉक की थायलंडचं को ताओ यावर घरात एकमत होत नाहीये. नवरा थायलंड, थायलंड करतोय. मी शिवाजी पार्कच्या तलावावर रोज पोहते, तो चार फेऱ्यांत दमतो. शिवाय सर्दी झाली की माझ्या कानांना दडे बसतात. काय करावं?

बुडबुडा
आधी महिना बघा, मग जागा. को ताओ ही नवशिक्यांची पंढरी आहे, उथळ उपसागर, पावलापावलावर डायव्ह शॉप. पण ते आहे थायलंडच्या आखातात. आपला पाऊस आटोपला की त्यांचा जोर धरतो. नोव्हेंबरात गढूळ पाणी बघायला इतक्या लांब कशाला जायचं? अंदमानातही दिवाळीच्या सुमारास पावसाची धाकधूक असते, जानेवारी ते एप्रिल उत्तम. मे-जूनची सुट्टी असती तर श्रीलंकेचं त्रिंकोमाली सांगितलं असतं, तिथला मोसम नेमका आपल्या उलट.

देवबागचो_झिल
मालवणाक येवा, पण दिवाळीत नको! पाऊस संपल्यावरही कर्ली नदीचं गढूळ पाणी बरेच दिवस समुद्रात येत असतं. डिसेंबर-जानेवारीत बघा, पाणी निवळलेलं असतं. आणि ताई, तुम्ही केलं ते 'ट्राय डाइव्ह'. सर्टिफिकेटचा कोर्स हवा असेल तर तारकर्लीला एमटीडीसीचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे शिकवण्यासाठी वेगळा खोल तलाव आहे. बाकी मालवणात किल्ल्याजवळ बोटी लागतात त्या बहुतेक हौशी पर्यटकांसाठी. दोन्हींत गल्लत करू नका.

कुर्ल्याची_मावशी
मी पन्नाशीला दोन वर्षं असताना शिकले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे सगळं सुट्टीतच उरकायची गरज नाही. ओपन वॉटर कोर्सचे (म्हणजे सर्टिफिकेटच्या पहिल्या पायरीचे) तीन भाग असतात: थिअरी, तलावातला सराव आणि समुद्रातल्या चार डाइव्ह. पहिले दोन मुंबईत शनिवार-रविवारी करता येतात. इथला प्रशिक्षक 'रेफरल'चा कागद देतो, म्हणजे एवढे भाग झाले असा दाखला. पाडी (PADI) या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचा असेल तर तो वर्षभर चालतो. उरलेल्या चार डाइव्ह हॅवलॉकला दोन दिवसांत होतात आणि सुट्टीत हॉटेलच्या खोलीत बसून अभ्यास करावा लागत नाही.

दुसरा फायदा घाबरटांसाठी. तलावात मला मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरून घ्यायला सांगितलं. पाणी नाकाशी आलं आणि मी चक्क उभी राहिले, पाणी छातीपर्यंतच होतं! प्रशिक्षक हसला नाही. म्हणाला, वर बघा, मास्कची वरची कड कपाळाशी दाबा आणि नाकाने हळूहळू श्वास सोडा. चौथ्या वेळी जमलं. हेच बोटीवरून उडी मारल्यावर पहिल्यांदा करायची वेळ आली असती तर मी आयुष्यात परत गेले नसते.

कानांचं: पृष्ठभागापासून दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, म्हणजे कान सगळ्यात जास्त कुरकुरतात ते सुरुवातीलाच. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, तेही दुखायच्या आधी, दर मीटरला. दुखलं की थोडं वर यायचं, जोर लावायचा नाही. सर्दी असेल तर त्या दिवशी बोटीवर बसून कोरडी भेळ खायची. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन जाऊ नका, तिचा अंमल पाण्यातच उतरला तर वर येताना कान अडकतात. निघण्याआधी एकदा ईएनटीला दाखवाच.

मेडिकल फॉर्म मुंबईतच भरा. लहानपणी मला दमा होता. हॅवलॉकला पोचल्यावर तिथे 'हो'वर खूण केली तर म्हणाले, डॉक्टरांची सही आणा. एक अख्खा दिवस त्यात गेला. चूक माझीच, फॉर्म महिनाभर आधी मेलवर आला होता.

नवऱ्याला सांगा, दोनशे मीटर पोहायचं असतं, पण घड्याळ लावून नाही. पाहिजे तसं पोहा. मग दहा मिनिटं तरंगायचं. लेकीला ज्युनियर सर्टिफिकेट मिळेल, अठरा मीटरपर्यंत जाता येईल, पण सोबत सर्टिफाइड मोठं माणूस हवंच.

आणि दुकान निवडताना कासवांचे फोटो बघू नका, प्रश्न विचारा. एका प्रशिक्षकामागे किती जण? (नियम आठपर्यंत परवानगी देतो, मी चारच्या वर जाणार नाही.) फीमध्ये बोट, साहित्य, सर्टिफिकेट धरलंय का? संपूर्ण कोर्स दोन दिवसांत उरकतो म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार.

बुडबुडा
मावशींना अनुमोदन. एक राहिलं: शेवटच्या डाइव्हनंतर किमान अठरा तास विमान नाही, उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. हॅवलॉकहून फेरीने पोर्ट ब्लेअर, मग विमान, म्हणजे एक दिवस कोरडा ठेवावाच लागतो. मालवणला गाडीने जाणाऱ्यांना वाटतं आपल्याला काय त्याचं. पण परतताना आंबोली घाट चढलात तर दोन हजार फुटांच्या वर जाता, आणि ती उंची विमानासारखीच धरायची असते. आमच्या गाडीतल्या एकाला कोल्हापूरचा तांबडा रस्सा खायची घाई होती, त्याला सावंतवाडीत मुक्काम करायला लावला. अजून टोमणे मारतो.

पाणकोंबडी_दादर
केवढं लिहिलंत, मावशी! ठरलं: दिवाळीत मुंबईतच थिअरी आणि तलाव, नाताळात हॅवलॉक. दिवाळीच्या फराळासकट ईएनटीची अपॉइंटमेंट. आता शेवटचं, माझा नंबर उणे साडेचार आहे. चष्म्याचं काय?

कुर्ल्याची_मावशी
नंबरचे मास्क मिळतात, आधी कळवून ठेवा. त्याहून मोठा प्रश्न: नवऱ्याला मिशी आहे का? मास्क मिशीवर नीट बसत नाही, पाणी झिरपत राहतं. नाकाखालची पट्टी तरी काढावी लागेल.

पाणकोंबडी_दादर
आहे. भरघोस आहे. विचारलं. तो परत थायलंडच्या वेबसाइटवर गेलाय.